थंड गाडीची टिकटिक

संशय घ्यायला मला कधी कारण लागलं नाही. महागावात एकटी बाई दवाखाना चालवते म्हटल्यावर दूधवाल्यापासून कंपाउंडरपर्यंत सगळे मला फसवायला टपलेले आहेत, अशी माझी खात्री होती. अधूनमधून कुणी फसवतही असे, त्यामुळे ती खात्री पक्की होत गेली. औषधांच्या कपाटाची किल्ली मी कमरेला लावून झोपत असे.

साठ साल उजाडायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. खेड्यापाड्यांतल्या बाळंतपणांसाठी मी लष्कराने मोडीत काढलेली एक जुनी जीप घेतली होती आणि ती चालवायला एक ड्रायव्हर ठेवला होता. केळापूरकडचा माणूस, चाळिशीतला, बायको वारलेली. बोलणं अगदी कमी. अडलेली बाई मागे असली की तो खड्डा असा चुकवायचा की तिच्या सासूलाही बोट ठेवायला जागा राहत नसे. एवढा चांगला माणूस माझ्या वाट्याला कसा आला, याचासुद्धा मला संशय होताच.

दवाखान्याजवळ जागा नव्हती, म्हणून जीप गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनाच्या शेडमध्ये उभी असायची. तो सकाळी तिथे जायचा, गाडी चालू करायचा, वाटेत विहिरीवर पाण्याचा डबा भरून घ्यायचा आणि दवाखान्यासमोर येऊन उभा राहायचा. दिवाळीनंतरच्या थंडीत एका सकाळी तो पायरीशी येऊन म्हणाला, "बाई, इंजिनात टिकटिक येऊन राह्यली. पुसदले दाखवा लागन."

मी जीपपाशी जाऊन कान दिला. इंजिन नेहमीसारखं घुरघुरत होतं. टिकटिक नव्हती.

"आता नाही वाजत," तो म्हणाला. "शेडमंदी वाजे."

"शेडमध्ये वाजते आणि माझ्यासमोर वाजत नाही?"

तरी मी त्याला पुसदला पाठवलं, कारण रानात गाडी बंद पडणं मला परवडणारं नव्हतं. पाठवताना बजावलं, की मिस्त्री लोक चांगले भाग काढून जुने बसवतात, तेव्हा गाडीपासून क्षणभरही हलायचं नाही. संध्याकाळी तो परत आला. मिस्त्रीने लांब पेचकस इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाला लावली होती, पण काहीच ऐकू आलं नव्हतं.

पंधरा दिवसांत पुन्हा तेच. या खेपेला मिस्त्रीने इंजिनाचं झाकण उघडून आतली जुळणी नीट केली आणि गाडी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा माणूस पुन्हा पायरीशी हजर. "बाई, हाये अजून."

नेमका तेव्हाच कंपाउंडर गोळ्या मोजता मोजता म्हणाला, "त्याची पोरगी पुसदलेच शिकते नं. मावशीकडं राह्यते."

झालं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या टिकटिकीचं मूळ पुसदच्या शाळेत होतं तर. त्या दिवसापासून मी जीपचे मैल लिहून ठेवू लागले. शेडमध्ये उभ्या गाडीच्या चाकावर खडूने बारीक रेघ मारून यायचे आणि सकाळी ती जागच्या जागी आहे का ते कंपाउंडरकरवी बघायचे. रेघ रोज जागच्या जागी असे. त्यावरून मी एवढंच ठरवलं, की माणूस हुशार आहे.

मग एक दिवस तो स्वतःच जाळ्यात सापडला, असं मला वाटलं. बराच वेळ उंबऱ्याशी रेंगाळून तो म्हणाला, "बाई, मी काय म्हनतो, गाडी एक रात पुसदले मिस्त्रीकडंच राहू द्या. सकाळी त्याच्या हातानंच चालू करू द्या. मंग समजन त्याले."

"आणि रात्रभर तू कुठे राहणार?"

"गाडीतच झोपन नं."

मला हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते. मी म्हणाले, "मुलीला भेटायचं असेल तर सरळ रजा माग. माझ्या गाडीला आजारी पाडू नकोस."

त्याचा चेहरा उतरला. मुलगी पुसदला आहे हे मला ठाऊक असेल, याची त्याला कल्पना नसावी. तो म्हणाला, "बाई, एकडाव सकाळी शेडमंदी या. तुमच्याच कानानं आयका."

"सकाळी माझ्या ओसरीवर वीस माणसं बसलेली असतात," मी म्हणाले. ते खरंही होतं. हिवतापाचे दिवस होते. बैलगाडीत पोत्यासारखी टाकून माणसं आणायचे आणि ती दवाखान्यात पोचेस्तोवर ताप उतरलेला असायचा, अंग गार. त्यांना मी कधी खोटारडी म्हटलं नाही. दिवसाआड भरून उतरणाऱ्या एकांतरा तापाचा तो धर्मच. मी त्यांना रात्रभर ओसरीवर ठेवून घ्यायचे आणि थंडी भरली की बोटातून रक्त घ्यायचे.

ड्रायव्हरला मात्र मी त्याच आठवड्यात काढून टाकलं.

आमच्याकडे नोकर सोडताना मालकाने चिठ्ठी द्यायची पद्धत होती. सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच असत: अमुक माणूस आमच्याकडे इतकी वर्षं होता, कामात चोख, निर्व्यसनी, विश्वासू. मी लिहिलं, कामात चोख, निर्व्यसनी. तिथेच सही केली. खोटं काही लिहिलं नाही याचा मला अभिमानही वाटला. त्याने चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि शेडची किल्ली टेबलावर ठेवून गेला.

नवा ड्रायव्हर उमरखेडचा होता, लग्नसुद्धा न झालेला. चौथ्या दिवशी सकाळी तो पायरीशी येऊन म्हणाला, "बाई, गाडी चालू केली का टिकटिक येते. मंग आपोआप बंद होते."

दुसऱ्या दिवशी ओसरीवरची माणसं तशीच बसवून मी शेडमध्ये गेले. त्याने गाडी चालू केली. टिकटिक, टिकटिक, टिकटिक. लहान मूल पाटीवर पेन्सिल आपटतं तशी, स्पष्ट. मी घड्याळ लावून उभी राहिले. आठ-दहा मिनिटांत ती मंदावली आणि नाहीशी झाली. ओसरीवरचे सगळे गार अंगाचे तापकरी मला त्या शेडमध्ये दिसले आणि माझीच मला लाज वाटली.

मी स्वतः जीप घेऊन पुसदला गेले, ती मिस्त्रीकडे सोडली आणि रात्री ओळखीच्यांकडे राहिले. सकाळी गेले तेव्हा मिस्त्री, पांढऱ्या दाढीचे चाचा, थंड इंजिनावर वाकले होते. गाडी चालू केली. त्यांनी उदबत्ती पेटवून इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव लोखंडाच्या नळीजवळ धरली. प्रत्येक टिकटिकीसरशी उदबत्तीचा धूर दचकून बाजूला होत होता.

"हे पाहा बाईसाब, चीर हाये. थंडीत उघडते, लोखंड तापलं का मिटते. तुमचा मानूस मले म्हने, चाचा, रातभर ठेवून पाहा. मी म्हनलो, ठेव. तं म्हने, बाई ठेवू देत नाही."

चीर पितळ भरून बुजवायला दुपार झाली. मी बाकावर बसून होते. शेवटी न राहवून विचारलं, "त्याची मुलगी इथंच शिकते ना? भेटत असेल तो तिला, यायचा तेव्हा."

चाचांनी हात पुसत रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "थे टिनाचं छप्पर दिसते नं, थेच शाळा. पोरींचा गलका इथं आयकू येते. मी म्हनलो, जा बाबा, दहा मिनिटं पोरीले पाहून ये, मी गाडी पाहतो. नाही गेला. बाईनं गाडीपासून हलू नको म्हनलं, म्हने. तुमी बसल्या नं, त्याच बाकावर बसे, तिकडं पाठ करून."

मी उठून उभी राहिले. मग कुठे उभं राहायचं तेही कळेना.

चाचांकडूनच समजलं, की पांढरकवड्याच्या एका ट्रकमालकाने त्याची चिठ्ठी वाचून विचारलं होतं, यात विश्वासू का लिहिलेलं नाही? ट्रकवर घेतलं नाही. तेव्हापासून तो तिथल्या एका जिनात कापसाच्या गाठी उचलत होता.

त्या रात्री मी नवी चिठ्ठी लिहिली. विश्वासू हा शब्द सगळ्यात आधी लिहिला. रविवारी अर्धा दिवस प्रवास करून पांढरकवड्याला गेले. जिनाच्या अंगणात तो पाठीवर पोतं बांधून उभा होता, केसांत, भुवयांत रुई. मी चिठ्ठी पुढे केली आणि म्हणाले, "माझी चूक झाली. परत ये."

त्याने हात धोतराला पुसले आणि चिठ्ठी सावकाश वाचली. "चिठ्ठी ठेवतो बाई. ट्रकवाल्याले दाखवीन. परत नाही येत."

"का?"

"तुमच्या गाडीत आता मन लागनार नाही."

मुलीचं काही बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. तो वळला, गाठींकडे चार पावलं गेला आणि परत आला. मी पाहिलेला तो पहिलाच प्रसंग, की त्याने आपणहून मला काही विचारलं.

"बाई, टिकटिक होती नं?"

"होती," मी म्हणाले.

तो बाजूच्या हमालाला म्हणाला, "होती म्हनते बाई," आणि गाठीखाली खांदा दिला.