‘क्लोन तर करायचंय’

प्राजक्ता गेल्याचं मला ऑफिसच्या ग्रुपवर कळलं. ‘आपली एक मौल्यवान सहकारी...’ असा मजकूर आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. माझ्या मालवणहून तिचं मिठबाव ते किती लांब? पण बातमी आली ती पुण्याहून.

आम्ही दोघी पुण्याच्या एकाच कंपनीसाठी घरून काम करायचो. हापूसच्या पानाचा फोटो बघून रोग ओळखणारं एआय मॉडेल तयार करत होतो. पानांचे पहिले फोटो तिने वडिलांच्या बागेत फिरून स्वतः काढले होते. मी नवी असताना तिनेच मला शिकवलं. मॉडेल शिकवायचा प्रत्येक प्रयोग सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या सेटिंगसकट जपलेला असतो. त्याची नक्कल, म्हणजे क्लोन, काढायची, हवं ते बदलायचं आणि पुन्हा चालवायचं. मी उत्साहाने चार गोष्टी एकदम बदलल्या, तेव्हा फोनवर ओरडली होती, “सगळा बदलू नको गो! एकच बदल, मगे बघ. नायतर कित्यामुळे काय झाला, तुका कळतला कसा?” ओरडली आणि लगेच हसली. रागावून हसणं तिला जमायचं... मला जमत नाही.

यंदा भाताच्या लावणीला ती वडिलांबरोबर चिखलात उतरली आणि काही दिवसांनी तापाने पडली. डोळे लाल, पोटऱ्या ठणकत होत्या. गावच्या डॉक्टरांना लेप्टोची, चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाची, शंका आली. लगेच दाखल व्हा, म्हणाले. त्याच सकाळी मॅनेजरचा फोन आला. ग्राहकाला नव्या फोटोंवरचे निकाल दाखवायचे होते. मीही त्या कॉलवर होते. डॉक्टर दाखल व्हा म्हणतायत, हे तिने सांगितलं. “मी करते,” मी म्हटलं, तर मॅनेजर म्हणाले, “नको, तिचे प्रयोग तिलाच माहीत. आणि क्लोन तर करायचंय. दोन मिनिटांचं काम.”

दोन मिनिटं! नक्कल काढायचं बटण दाबायला तेवढीही लागत नाहीत. पण नकलेत जुनं सगळं येतं, जुने फोटो कुठून घ्यायचे तेसुद्धा. ते बदलायचं, एकेक सेटिंग तपासायचं, रांगेत लावायचं, बंद पडलं की कारण शोधून पुन्हा लावायचं. हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. प्राजक्ता तो दिवस बसली, दुसऱ्या दिवशीही बसली. मग लघवीच बंद झाली. तालुक्याहून गोव्याला नेलं, तोवर मूत्रपिंडं गेली होती.

शोकसभा ऑनलाइन झाली. मॅनेजर गहिवरून म्हणाले, “तिचं काम थांबता कामा नये.” सभा चालू असतानाच मला त्यांचा निरोप आला : तिचे प्रयोग तुमच्या नावावर क्लोन करून घ्या. मी माइक चालू केला. “तापात तिला कुणी बसवलं, ते आधी सांगा.” मॅनेजर म्हणाले, “तुमच्या भावना समजतात, पण ही ती वेळ नव्हे.” मग कोणती? ती दवाखान्याच्या वाटेवर असायला हवी होती, ती वेळ? दुसऱ्या दिवशी मी तो प्रकल्प सोडला.

परवा मिठबावला गेले. काका, म्हणजे तिचे वडील, मला तिच्या खोलीत घेऊन गेले आणि मोबाइलवरचा कंपनीचा मेल दाखवला : लॅपटॉप कुरिअरने परत पाठवावा.

“माका वाटला, ऑफिसचा काम, कायतरी मोठा आसतला,” ते म्हणाले. “म्हणान मीच तिका पेज टेबलार नेऊन दिलंय...”

मी म्हटलं, “काका, कुरिअर करू नकात.”

“करूचंय नाय. वस्तू तेंची, तेंका देतलंय. पण हयसर येवंदेत. ह्या खोलीत. माझ्या हातातून घेवंदेत.”

लॅपटॉप तिच्या टेबलावर आहे. अजून कुणी आलेलं नाही.