टिटवीची दुभाषी

टिटवीच्या आईला सगळी गल्ली ‘दुभाषी’ म्हणायची, आणि ते नाव ती तोऱ्यात मिरवायची. काम तिचं पडदे शिवायचं. पुढच्या खोलीत मशीन, भोवती कापडाचे गठ्ठे आणि मशीनला लागून लेकीची चाकांची खुर्ची. टिटवी तेरा वर्षांची. जन्मापासून हातपाय तिचं ऐकत नाहीत, आणि जीभ तर त्याहून हट्टी. ती काय बोलते ते कळायचं फक्त आईला. बापाला निम्मं कळायचं, उरलेलं तो अंदाजपंचे धकवून न्यायचा.

आता खरं सांगायचं तर दुभाषी काही इमानदार नव्हती. डॉक्टरांच्या हाताला कांद्याचा वास येतो, असं टिटवी म्हणाली की आई सांगायची, नमस्कार म्हणतेय. मावशीला गाणं थांबवायला सांग म्हणाली की आई मावशीला म्हणायची, आणखी एक गा म्हणतेय. टिटवी चिडून ओरडली तर त्याचाही अर्थ तयार: दमलीय हो पोर. लोक म्हणायचे, काय गुणाची मुलगी! आईला वाटायचं, चारचौघांत आपण लेकीचं नाव राखतोय. बाई वाईट नव्हती. पण टिटवीशी बोलायचं तर माझ्यामार्फतच, याचा तिला माज होता. दुसरा शब्द नाही त्याला.

मग आली ती ऑनलाइन शाळा, घराबाहेर पडता न येणाऱ्या मुलांसाठी. संगणकात एक अख्खं गाव होतं. मुलं आपापली बाहुली घेऊन त्यात हिंडायची, आणि गणित शिकायचं म्हणजे तिथल्या नदीवर पूल बांधायचा. टिटवीला मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड मिळाला. उजव्या हाताच्या एका बोटानं ती एकेक अक्षर दाबायची. तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लुकलुकत असेपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही, असा शिकवणाऱ्या बाईंचा नियम. एका वाक्याला चार मिनिटं लागली तरी नऊ मुलं थांबून राहायची.

महिन्याभरात टिटवीची ‘कॅप्टन’ नावाच्या मुलाशी भांडणं जुंपली आणि ‘खार’ नावाच्या मुलीशी गट्टी जमली. ती इतकी हसायची की खुर्ची हलायची. काय झालं गं, असं आईनं एकदा विचारलं, तर म्हणाली, “तुला नाही कळणार.”

तुला नाही कळणार! जिला लेकीचा नुसता हुंकार कळायचा, तिनं हे ऐकायचं! अंगाचा तिळपापड झाला बाईचा. ती जळायला लागली त्या नऊ पोरांवर. त्यांतल्या कुणाला अंथरुणातून उठता येत नव्हतं, कुणाचा माणसांत जीव घाबरा व्हायचा, हे सगळं माहीत असून जळायची. लाज वाटायची, तरी जळायची. वर्गाच्या वेळेलाच नेमकी मशीन घरघरवायची. पडद्यावरची मैत्री का कधी खरी असते, म्हणून नवऱ्यापाशी कुरकुरली, तर तो म्हणाला, तू तुझे पडदे शिव.

आणि एक दिवस टिटवीचं बोट खुर्चीच्या चाकात सापडून सुजलं. आज तूच टाइप कर, असं तिनं आईला सांगितलं. आईला काय, आंधळा मागतो एक डोळा! मशीन सोडून ती पदर खोचून बसली.

कॅप्टननं पुलाचा खांब भलत्याच जागी उभा केला होता. टिटवी म्हणाली, लिही, खांब झिंगलाय आणि तुझी अक्कल नदीत वाहून गेलीय. आईनं लिहिलं, “मला वाटतं, खांब थोडा तिरका झाला आहे. कृपया पुन्हा पाहशील का?”

टिटवी ओरडली, पण आईनं तोवर पाठवून दिलं होतं. मग कॅप्टननं लिहिलं, “कोण बोलतंय?”

खारीनं लिहिलं, “ही टिटवी नाही. टिटवी कुठे? तिला काय झालंय?”

एकामागून एक, नऊच्या नऊ मुलं तेच विचारत होती. आईचे कान तापले. तेरा वर्षांत डॉक्टरांनी ओळखलं नाही, मावशीनं नाही, सख्ख्या बापानं नाही. या पोरांनी एका वाक्यात ओळखलं.

“तेच तर लिहिलं,” ती पुटपुटली, “जरा नीट करून.”

टिटवी आता ओरडत नव्हती. शांतपणे म्हणाली, “लिही. मी सांगते तस्संच.”

आई लिहू लागली. तिचंही बोट आता एकेका अक्षरावर अडखळत होतं. नावापुढे हिरवा ठिपका लुकलुकत होता, आणि मुलं थांबली होती.

“आई होती. आजवर सगळीकडे माझ्याऐवजी तीच बोलली.”

“आणि?” आईनं विचारलं.

“आणि काही नाही. पाठव.”

‘मायेपोटी’ एवढा एकच शब्द आईला मध्ये घालायचा होता. तिनं लेकीकडे पाहिलं. शब्द घातला नाही. पाठवून दिलं.