पाटावरचं हँडल

परतूरला आमचं डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. दर दसऱ्याला गिऱ्हाइकं विहिरीवरचं आपापलं इंजिन सुरू करायचं लोखंडी हँडल पूजेला घेऊन यायची, पाटावर जागा पुरायची नाही. यंदा पाटावर फक्त आमच्या शेतातल्या इंजिनाचं हँडल होतं. बाकी सगळ्यांच्या विहिरींवर सोलर पंप लागलेत. मी वडिलांवर खेकसलो, "दुकान बुडून राह्यलं अन् तुम्ही झेंडू वाहत बसले!"

ते हळूच म्हणाले, "आपल्या शेतातबी सोलरच बसवू. डिझेलचा खर्चा आता मलाच परवडत न्हाई."

म्हणजे शेवटचं गिऱ्हाईकही गेलं. वडिलांनी नारळ माझ्यापुढं धरला.

"औंदा तूच फोड."