अण्णांचा रविवारचा भोंगा

मी हुपरी सोडली त्या दिवशी अण्णा मला स्टँडवर पोचवायला आले नाहीत. मातीच्या मुशीत चांदी वितळत होती. "चांदी थांबती व्हय कुणासाठी?" असं माझे वडील मागच्या खोलीतूनच ओरडले. मी उंबऱ्यापर्यंत गेले. "आत ये की. बाहेरनं कसला नमस्कार?" मी आत गेले नाही. उंबऱ्यावर डोकं टेकलं, आईने, म्हणजे अव्वाने, तळहातावर घातलेलं दही चाटलं आणि कोल्हापूरच्या गाडीत बसले. नवरा मिशिगनला एका कारखान्यात कामाला होता. पुढचं सगळं विमानाने झालं.

आपल्या हुपरीतले जे तिथेच राहिले आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्या सगळ्यांना आमची ती मागची खोली माहीत आहे. बाहेर पडलेले लोक तिच्याबद्दल हसून बोलतात. मीही हसायचे, पण नऊ वर्षांची होते तेव्हापासून मी त्या खोलीत पाऊल ठेवलेलं नव्हतं.

अण्णांची धाकटी बहीण, शकूआत्ती, तिथे बसून पैंजणांना घुंगरं जोडायची. लग्न ठरलं होतं, तारीख निघायची होती. पावसाळ्याचे दिवस होते. वाऱ्याने चांदीचा कण उडू नये आणि दिव्याची ज्योत हलू नये म्हणून खिडकीला गोणपाट ठोकलेलं असे. कोपऱ्यात कोळशाची शेगडी धुमसत असायची. एके दिवशी चहाच्या वेळेला अव्वाने मला कप देऊन आत पाठवलं. आत्ती भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, गाल असे लाल की मला वाटलं, लग्नाचंच काहीतरी मनात चाललंय. थोड्या वेळाने घरात आरडाओरडा झाला.

आत्ती गेली होती. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. गल्लीने बाहेरचं म्हटलं, ती खोली माणसाला धरती म्हणून सांगितलं. वर्षभर खोलीला कुलूप होतं. मग अण्णांना जागा पुरेना, कुलूप निघालं, गोणपाट पुन्हा लागलं. तिथे काम करताना डोकं जड होतं, मळमळतं, कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटतं, हे सगळेच म्हणायचे आणि तरीही कामाला बसायचे. पोट कुठे सुट्टी देतं?

मिशिगनला आमच्या भाड्याच्या घरात बेडरूमच्या बाहेर एक पांढरं डबडं होतं. हिरवा दिवा लुकलुकायचा. नवऱ्याने सांगितलं, हा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी बिघडली किंवा कोळसा बंद खोलीत जळला की हा वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, भास होतात, माणूस झोपतो आणि उठत नाही. मी ग्रंथालयात जाऊन एक जाडं पुस्तक उघडलं. कधी कधी गाल लाल दिसतात, असंही त्यात होतं. ते पान मी पुन्हा वाचू शकले नाही.

त्याच आठवड्यात आम्ही नवे दोन अलार्म घेतले, दुकानातल्या एकाच फळीवरचे. एक आमच्या भिंतीला लावला, दुसरा कोल्हापूरला निघालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. अण्णांनी तो मागच्या खोलीत खिळ्याला अडकवला, खंडेनवमीला हातोड्या-चिमट्यांबरोबर त्याचीही पूजा केली आणि त्याचं नाव डबडं ठेवलं. दर रविवारी माझा फोन गेला की ते डबडं काढून फोनजवळ आणायचे आणि बटण दाबायचे. टीं टीं टीं! "ऐक. वाजतंय की. झोप निवांत." हजारो मैलांवर मी खरंच निवांत झोपायचे. बॅटरी उतरली तर अण्णा कोल्हापुरात शाहूपुरीतून चौकोनी सेल आणायचे. पाच-सहा वर्षं हा भोंगा मी देवाच्या घंटेसारखा ऐकला.

एका पावसाळ्यात अव्वा फोनवर सहज म्हणाली, "काल शकू आलती."

"कोण शकू?"

"तुजी आत्ती. मागल्या खोलीतच भितीला टेकून बसलीती. म्हणाली, पोरीनं च्या झाकून ठेवला, मला उठीवलं न्हाय."

मी घरी सांगितलं होतं की मी हाक मारली, आत्तीने ओ दिली नाही. ते खोटं होतं. झोपली असेल म्हणून मी हाकच मारली नव्हती. कपावर बशी झाकली आणि खेळायला पळाले. हे मी कुणालाही, नवऱ्यालासुद्धा, कधी सांगितलं नव्हतं. अव्वाने तो झाकलेला कप तेव्हाच पाहिला असेल. असेलही. मी विषय बदलला आणि अण्णांना बटण दाबायला सांगितलं. टीं टीं टीं! म्हणजे हवा ठीक होती. म्हणजे म्हातारपण, दुसरं काय?

त्यानंतर आठवड्याने आमच्या तळघरातली भट्टी तपासायला माणूस आला. जाताना त्याने भिंतीवरचा अलार्म काढून उलटा केला, मागची तारीख वाचली आणि सांगितलं की हा मेलेला आहे. मी बटण दाबून दाखवलं, तो वाजला. माणूस हसला. बटणाने फक्त भोंगा आणि बॅटरी कळते, म्हणाला. आत हुंगणारा जो भाग असतो तो या अलार्मांत पाच वर्षांत संपतो. मग कितीही वाजवा, त्याला वायू कळत नाही. तारीख उलटली की बदलायचा.

दोन्ही अलार्म एकाच फळीवरचे होते.

आमच्याकडे संध्याकाळ होती, म्हणजे हुपरीत सकाळ, शेगडी पेटायची वेळ. मी फोन लावला. अण्णांना तारीख, वायू, हुंगणारा भाग सगळं सांगितलं. ते खोकले आणि म्हणाले, "चांगलं वाजतंय की गं. पुजलेली वस्तू हाय, टाकायची व्हय?" आणि बटण दाबलं. तो गोड आवाज ऐकून मला रडू कोसळलं. कधीपासून तो मला फसवत होता कुणास ठाऊक, आणि मी त्याच्यावर आईबाप सोपवले होते.

मी म्हटलं, अव्वाला द्या. आणि जी गोष्ट मी आयुष्यभर थोतांड म्हणून मोडीत काढली, तीच बोलले. "अव्वा, आत्ती माझ्याकडंबी आली. म्हणाली, जीव घुसमटतोय, खिडकी उघडा."

अव्वाने फोन तसाच खाली ठेवला. मग गोणपाट टराटरा फाटल्याचा आवाज आला.

दिवाळीला मी स्वतः नवा अलार्म घेऊन गेले. या वेळी अण्णांच्या हाती न देता खिळ्याला मीच अडकवला. त्यासाठी इतक्या वर्षांनी मी तो उंबरा ओलांडला. जुनं मेलंय यावर अण्णांचा विश्वास बसेना. त्यांनी जुनं डबडं नव्याशेजारी टांगलं, शेगडी पेटवली, खिडकी लावली आणि आम्ही तिघं घरामागच्या परड्यात जाऊन बसलो. चहा करून पिऊन झाला. मग आतून किंचाळी फुटली. अण्णा श्वास रोखून आत गेले, खिडकी उघडली, शेगडी बाहेर आणली. नवं ओरडत होतं, जुनं हिरवा दिवा लुकलुकवत गप्प होतं. सगळं निवल्यावर अण्णांनी त्याचं बटण दाबलं. टीं टीं टीं! अण्णांनी ते खिळ्यावरून काढलं. "लबाड," म्हणाले आणि सेल काढून घेतला. मग नव्याची बदलायची तारीख त्यांनी कोळशाने भिंतीवर मोठी लिहिली.

आता त्यांच्याकडे मोबाईल आहे. रविवारी ते तो मागच्या खोलीत नेतात. भोंगा वाजतो, पण मी तो ऐकत नाही. मी त्यामागचं ऐकते. शेजारची हातोडी, पाऊस, एसटीचा हॉर्न. खिडकी उघडी असल्याशिवाय हे ऐकू येत नाही. माझं घर आता एवढंच आहे. तुमच्याही भिंतीवर डबडं असेल तर बटण दाबून समाधान मानू नका, उलटं करून तारीख बघा.

मागच्या रविवारी अव्वा म्हणाली, "खिडकी उघडल्यापास्नं शकू येत न्हाय बघ."

"बरं झालं की."

"व्हय, बरं झालं. पर च्याच्या वक्ताला करमत न्हाय."

मग मी तिला तो कप, ती बशी, सगळं सांगितलं. हाक मारली नव्हती, हेही सांगितलं. अव्वा म्हणाली, "ठावं हाय. शकूनं सांगितलं न्हवं का."