हकीम की हजाम

बँकेतून रिटायर झाल्यावर मी उर्दू शिकायला लागले. त्याला काही थोर कारण नव्हतं. हे एअर फोर्समधून निवृत्त झाले, आम्ही लखनऊत तेलीबागला घर घेतलं, आणि दिवसभर दोघं समोरासमोर बसलो की चौथ्या दिवशी भांडण व्हायचं. शेजारच्या बाईंनी सांगितलं की एक निवृत्त उर्दू शिक्षिका दर शनिवारी मोफत शिकवतात. मी गेले. त्यांना सगळे आपा म्हणत, मीही म्हणू लागले. वर्षभरात मी पहिलीच्या मुलाइतकं वाचू लागले, म्हणजे अक्षराला अक्षर लावून, ओठ हलवत.

त्या आपांनीच मला त्या कामात ओढलं. जुन्या लखनऊमधल्या एका मोहल्ल्याच्या ट्रस्टकडे इंग्रजांच्या काळातल्या खानेसुमारीच्या नोंदींची नक्कल होती. सरकारने मूळ कागद कधीच टाकून दिले असतील, पण या मोहल्ल्यातल्या कुणा हौशी मुन्शीने घरोघरची माहिती आपल्या वहीत उतरवून ठेवली होती. घरात कोण, वय काय, पेशा काय. आता आपल्या घराण्याचा माग काढणारे लोक दुबईहून, टोरांटोहून त्या वह्यांसाठी फोन करत. आणि वह्यांची अवस्था अशी, की कधीकाळी त्या एकदा भिजल्या होत्या, मग त्यांना कसर लागली, आणि गेल्या पावसाळ्यात ट्रस्टच्या कपाटावरचं छत गळून त्या पुन्हा भिजल्या.

आम्ही तिघं नियमित होतो. आपा, मी आणि वीज खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर साहेब. इंजिनियर साहेब पहिल्या दिवशी घरून हेअर ड्रायर घेऊन आले आणि त्यांनी दीड मिनिटात एक पान पापडासारखं कडक केलं. त्यानंतर त्यांना फक्त नंबर टाकायचं आणि मोबाईलवर फोटो काढायचं काम दिलं होतं. ते त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. चिकटलेली पानं सोडवायचं काम माझ्याकडे आलं. धिरडं उलटवायची सवय असलेल्या कुणालाही ते जमेल. घाई करायची नाही, कडेने पातळ पट्टी सरकवायची, आणि सुटत नसेल तर सोडून द्यायचं. पानाची मर्जी झाली की ते आपोआप सुटतं.

घरी ह्यांचं म्हणणं होतं की मी लोकांच्या पूर्वजांची धूळ खाऊन आजारी पडणार. एकदा मी सहज म्हटलं की आपल्याही घराण्याचं काही सापडतं का ते पुण्याला विचारू या. ह्यांच्या घरात अशी समजूत आहे की मूळ पुरुष पेशव्यांच्या दरबारी फार मोठ्या हुद्द्यावर होता. हे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "आपलं काही शोधू नकोस. जे आहे ते चांगलं चाललंय."

तर त्या वह्यांसाठी येणाऱ्यांत अमीनाबादचे एक गृहस्थ होते. चष्म्यांचं दुकान, वय सत्तरीकडे झुकलेलं, पांढरं जाकीट, आणि बोलणं इतकं गोड की मला माझं मराठी वळणाचं हिंदी लपवावंसं वाटे. त्यांचे पणजोबा त्या मोहल्ल्यातले नामवंत हकीम होते. नाडीवर बोट ठेवलं की रोग्याने काल रात्री काय खाल्लं ते सांगत, असं त्यांनी आम्हाला तीनदा सांगितलं. त्यांना आपल्या नातीच्या लग्नाच्या पत्रिकेत घराण्याचा उल्लेख करायचा होता, आणि तो पुराव्यानिशी करायचा होता. आमच्यासाठी त्यांनी दुकानातून एक दांडीचं भिंग भेट आणलं. दर शनिवारी खस्ता कचोरीही आणत. कागदाजवळ तेलकट काही नको, असा आपांचा नियम होता, म्हणून आम्ही त्या बाहेर व्हरांड्यात उभ्याने खायचो.

त्यांचं पान सुटायला तीन शनिवार लागले. सुटलं तेव्हा आम्ही चौघंही टेबलावर वाकलो होतो. पणजोबांचं नाव स्वच्छ होतं. त्यांच्या वडिलांचं नाव स्वच्छ होतं. वय स्वच्छ होतं. आणि पेशाच्या रकान्यात बरोबर मधोमध कसरीने भोक पाडलं होतं.

शब्दाचं पहिलं अक्षर दिसत होतं, ते 'ह'. शेवटी दिसत होतं, ते 'म'चं शेपूट. मधलं सगळं किड्याच्या पोटात. भोकाच्या खाली एक काळा ठिपका होता.

"हकीम," चष्मेवाले समाधानाने म्हणाले.

आपांनी भिंग उचललं, बराच वेळ पाहिलं आणि पान पुढच्या वेळी नीट बघू म्हणून झाकून ठेवलं. चष्मेवाले गेल्यावर त्यांनी मला आणि इंजिनियर साहेबांना वहीत लिहून दाखवलं. उर्दूत 'ह'ने सुरू होऊन 'म'ने संपणारा आणखी एक पेशा आहे. हज्जाम. हकीम असेल तर खाली दोन ठिपके हवेत, हज्जाम असेल तर एक. इथे एक दिसत होता.

इंजिनियर साहेब म्हणाले की तो ठिपका नाही, माशीची घाण आहे. मग पुढचा तासभर आम्ही तीन सुशिक्षित माणसं, मिळून जवळजवळ दोनशे वर्षांची, तो ठिपका शाईचा की माशीचा यावर वाद घालत बसलो. ओला कापूस लावून बघू, असं इंजिनियर साहेबांचं म्हणणं. शाई असेल तर ती पुसून जाईल, मग दाखवणार काय, असं आपांचं. मुन्शीच्या घाईच्या लिखाणात ठिपक्यांचा भरवसा नसतो, दोनचा एक होतो आणि एकाचा शून्य, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे माशी निर्दोष ठरली तरी निकाल लागत नव्हता.

पुढच्या शनिवारी मी समोरचं पान साफ करत होते. त्यावर दुसऱ्याच घराच्या नोंदी होत्या, पण ओळींच्या मध्ये फिकट तपकिरी अक्षरं होती. ती काही केल्या मला लागेनात. वर्षभर शिकलेलं सगळं विसरले की काय, अशी भीती वाटली. विचित्र म्हणजे ती अक्षरं डावीकडून उजवीकडे चालली होती. मला वाटलं, पहिल्यांदाच उर्दू आपल्या दिशेने चाललंय. मी आपांना तसं सांगितलं. त्या उठून माझ्याजवळ आल्या, वाकल्या, आणि हळूच म्हणाल्या, "आईना है आपके पास?"

टिकली बघायला मी पर्समध्ये छोटा आरसा ठेवते. तो काढून दिला. पहिल्यांदा वही भिजली तेव्हा, म्हणजे कसर लागण्याच्या कितीतरी आधी, चष्मेवाल्यांच्या पानाची शाई या समोरच्या पानावर उलटी उमटली होती. किड्याने खाल्लं ते पुढे. आरशात अख्खी ओळ सुलटी दिसली. नाव, वडिलांचं नाव, वय. आणि पेशा. मीसुद्धा वाचू शकले, ओठ हलवत. ह, ज, आ, आणि सुटा 'म'.

इंजिनियर साहेबांनी आपल्या कामाच्या तक्त्याकडे बघितलं. पेशाच्या रकान्यात 'अस्पष्ट' लिहायची सोय आहे, असं त्यांनी सुचवलं. भोक तर खरंच आहे, खोटं कुठे लिहितोय आपण. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. डोळ्यांसमोर लग्नाची पत्रिका आली, खस्ता कचोऱ्याही आल्या. आपांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जो लिखा है, वही लिखेंगे," त्या म्हणाल्या. पुढे म्हणाल्या की आपण लपवायला बघतोय म्हणजे हजाम असण्यात काही वाईट आहे असं आपल्यालाच वाटतंय.

सांगायचं कोणी, यावर मात्र त्याही अडल्या. शेवटी त्यांनीच सांगितलं, आणि लखनऊत वाईट बातमी कशी देतात ते मी तेव्हा पाहिलं. आधी त्यांनी नातीच्या लग्नाची चौकशी केली. मग त्या काळी हजाम काय काय करत ते सांगितलं, की ते जखमा शिवत, फोड कापत, जळवा लावत, दात काढत, हाडं बसवत, सुंता करत, आणि शहरातले निम्मे रोगी हकिमाकडे न जाता त्यांच्याकडेच जात. दहा मिनिटं झाली तरी मुद्दा येईना. चष्मेवाले मान डोलावत होते. मग त्यांनीच विचारलं, "आप फ़रमाना क्या चाहती हैं?" आपांनी आरसा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी पाहिलं. आपला चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा पाहिलं. "अच्छा," एवढंच म्हणाले. इंजिनियर साहेबांनी दोन्ही पानांचे फोटो त्यांच्या मोबाईलवर पाठवले. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि गेले. त्या दिवशीच्या कचोऱ्या तशाच राहिल्या.

पुढचे दोन शनिवार ते आले नाहीत. मला चैन पडेना. पान मी सोडवलं होतं, आरसा माझा होता. शेवटी चष्म्याची काडी सैल झाल्याचं निमित्त करून मी अमीनाबादला त्यांच्या दुकानात गेले. काडी मी रिक्षात बसल्या बसल्या स्वतःच सैल केली होती. त्यांनी ती स्क्रू आवळून परत दिली आणि आतल्या खोलीत बोलावलं.

तिथे काचेच्या कपाटात मखमलीवर त्यांची एक पेटी मांडलेली होती. पणजोबांची शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणून ती पिढ्यानपिढ्या पाहुण्यांना दाखवली जात होती. त्यांनी ती उघडली. आत एक घडीचा वस्तरा, धार लावायचा दगड, कात्री आणि तांब्याची वाटी. त्यांच्या बेगम चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे ठेवत त्या शांतपणे म्हणाल्या, "मैं ब्याह के आई, तब से कह रही हूँ कि यह उस्तरा है।"

चष्मेवाले हसले. मग त्यांनी मोबाईल काढून मला फोटो दाखवला. पणजोबांच्या ओळीखालची ओळ. आम्ही सगळे भोकात डोळे घालून बसलो होतो, त्यामुळे खालच्या धडधाकट ओळीकडे कुणी पाहिलंच नव्हतं. धाकटा भाऊ, वय चौदा, काम शिकतो. आणि त्याचं नाव.

ते नाव त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे न्हावी राहत. ईदला त्यांच्या घरी शेवया खाल्ल्या म्हणून यांच्या वडिलांनी यांना मारलं होतं. आपण हकिमांच्या घरचे, हजामाच्या घरी खायला बसत नाही, असं बजावलं होतं. ते म्हातारे तेव्हा दारात उभे राहून सगळं ऐकत होते आणि एक शब्द बोलले नव्हते.

"वो मेरे दादा के सगे चचा थे," चष्मेवाले म्हणाले. "और मार मैंने खाई, तो दरवाज़े पर वो खड़े थे।"

पेशाचं त्यांना फारसं लागलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. ते दाराशी उभं असलेलं म्हातारं माणूस रोज डोळ्यांसमोर येत होतं, म्हणून शनिवारी येववत नव्हतं. वडिलांना हे माहीत होतं का, हे आता कुणाला विचारायचं. माझा चहा थंड झाला. मी तसाच प्यायले.

नंतरचं त्यांनी पुढच्या शनिवारी सांगितलं. त्या म्हाताऱ्यांचं कुटुंब मोहल्ला सोडून गेलं होतं, पण चौकशी करता करता पत्ता लागला. नातू इंदिरा नगरला सलून चालवतो, एसी, काचेचा दरवाजा, आधी फोन करून यावं लागतं असं. चष्मेवाल्यांनी फोन करून वेळ घेतली, रांगेत बसले, केस कापून घेतले आणि खुर्चीतून उठायच्या आधी आरशातल्या त्या माणसाला सगळं सांगितलं. त्यासाठी त्यांनी घरी तीन दिवस वाक्यं जुळवली होती.

त्या माणसाने ऐकून घेतलं, त्यांच्या मानेवरचे केस ब्रशने झटकले आणि म्हणाला, "हमें तो मालूम था। आप लोग ही नहीं बताते थे।"

हे सांगताना चष्मेवाल्यांचा चेहरा असा होता की हसावं की नाही कळेना. इंजिनियर साहेब मात्र लगेच कागद घेऊन नातं मोजायला बसले. त्यांनी दोन्हीकडच्या पिढ्या रेषा ओढून मांडल्या, पुन्हा तपासल्या आणि जाहीर केलं की सलूनवाला वडिलांच्या पिढीतला लागतो. म्हणजे पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांचा तो माणूस या सत्तरीतल्या गृहस्थांचा चचा. आपांनी तक्ता पाहिला आणि बरोबर आहे म्हणाल्या. आता लग्नात नातीच्या बाजूने वडीलधाऱ्यांच्या रांगेत त्यालाच पुढे बसवावं लागणार होतं.

चष्मेवाल्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं की पत्रिका अजून छापायला गेलेली नाही, तर त्यात चचांचं नाव आपल्या नावाच्या वर येईल की खाली.