सासूबाईंना वगळून

सुईला घाबरणारे पेशंट मी खंडीभर पाहिलेत. पण त्या वर्षी घाबरली होती आमची आशाताईच, म्हणजे करोनाची लस घ्या म्हणून घरोघर सांगत फिरणारी. मी गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या वेवजीकडच्या पाड्यांवरची नर्स. आम्हा आरोग्यवाल्यांची पाळी आधी होती, मी घेऊन मोकळी झाले. आशाताईला मात्र कधी ताप, कधी पाहुणे, कधी उपवास. सुईने उपवास मोडतो हे मला तिच्याकडूनच कळलं.

मग पाड्यावरच्या अंगणवाडीत सगळ्यांसाठी लस आली. बायका ओट्यावर येऊन बसल्या. एक म्हणाली, "आशाताई, तू घेतली का?"

"घेणार आहे."

"मग घे की. आम्ही बघतो."

कोणी जागचं हलेना. मी आशाताईला आत नेलं.

"अगं, तुझं दुखणं तरी काय?"

ती लसीच्या डब्याचा पट्टा चाळवत राहिली. मग म्हणाली, "ही घेतली की मूल होत नाही म्हणतात."

चारोटीच्या हायवेवर उतरलेली अफवा दुपारपर्यंत आमच्या पाड्यात चहाला हजर असते. पण ही तिच्या घरातच मुक्कामाला आली होती. पाड्यातल्या प्रत्येक बाळंतिणीला दवाखान्यात पोचवणारी ती. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं.

"मीही घेतलीच ना?"

"सिस्टर, तुमचं वय बघा. तुमचं काय जातंय?"

मी छातीवर हात ठेवून मरायचा अभिनय केला. ती हसली नाही.

माझी सून वाणगावला नर्स आहे. नवं लग्न, बाळ हवंय, लसही घेतलेली. म्हटलं, तिच्याशी बोल. आशाताईने अट घातली, "तुम्ही इथेच थांबायचं. सासू ऐकत असली की सून खरं बोलते का?"

रेंज फक्त हातपंपाजवळ, तीही गुजरातची. ती माझा फोन घेऊन तिकडे गेली आणि मी खिडकीतून मूकनाट्य पाहिलं. पोटावर हात. बराच वेळ मान खाली. मग माझ्याकडे बघून हसणं. ते हसणं कशावर होतं, हे सुनेने अजून सांगितलेलं नाही.

परत येऊन तिने स्टूल उचललं, बायकांच्या समोर ओट्यावर ठेवलं आणि बाही वर केली. मी टोचलं.

पुढचा अर्धा तास त्रास होतो का ते बघायचं असतं. बघायला अख्खा पाडा होता. आशाताई जमिनीकडे पाहत बसली. मी उगाच रजिस्टरमध्ये रेघा मारत बसले.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "बोला ना काहीतरी. तुम्ही गप्प बसलात की जास्त भीती वाटते."

मग मी माझ्या लग्नातली फजिती काढली. ऐकायला बायका पुढे सरकल्या, आणि सरकत सरकत टेबलापर्यंत आल्या. आशाताईने पदर सावरला, उठली आणि त्यांना ओळीत उभं करायला लागली.

"अर्धा तास झाला नाही अजून," मी म्हटलं.

"उभ्याने मोजा," ती म्हणाली.