साडूभाऊंची खरखर

स्वच्छ आवाजाचा इतका मनापासून तिटकारा असलेला माणूस माझ्या थोरल्या साडूंखेरीज नागपुरात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये, कारण मग शहरातल्या एकाही कूलरला तेल मिळायचं नाही. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे, यजमान. सारी नोकरी रेल्वेत फिटर म्हणून काढली. इंजिनाला कान लावून त्याचा आजार सांगणारा माणूस म्हणून खात्यात त्यांचा दबदबा होता; पण हुडकेश्वरच्या स्वतःच्या घरात त्यांनी कुरकुरणारं एक दार कधी दुरुस्त केलं नाही. बैठकीतला पंखा ‘खर्रक, खर्रक’ करत फिरायचा आणि साडूभाऊ त्याच्याखाली डोळे मिटून, एखाद्या मैफलीला बसल्यासारखे बसायचे. “भाऊ, याचं बेअरिंग गेलं,” असं मी एकदा न राहवून म्हणालो. त्यांनी एक डोळा उघडला. “गेलं नाही गा. आता कुठं बोलाले लागलं.”

भाजी ते गळा ऐकून घेत. त्यांच्या गल्लीत एक भाजीवाला यायचा. त्याची आरोळी म्हणजे रस्त्यावरून टिनाचा पत्रा ओढत नेल्याचा आवाज. त्याच्या ठेल्यावर बहुतेक वेळा दोडकीच असायची आणि त्या घरात दोडकी कोणी खात नव्हतं. तरी पिशवी भरून यायची. “आजही दोडकीच आणली का जी?” असं ताईनं विचारलं की साडूभाऊ म्हणायचे, “त्याचा गळा ऐकला का वं तू?” माझ्या मुलीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मी मोठ्या हौसेनं एक गायिका बोलावली होती. आवाज असा, की पाहुणे जेवण सोडून ऐकत होते. मी यजमानाच्या रुबाबात साडूभाऊंच्या खुर्चीजवळ गेलो आणि कसं काय म्हणून विचारलं. ते वाईट वाटून घेत म्हणाले, “चांगली आहे बिचारी. पण तिच्या गळ्यात काही अडकूनच नाही राहिलं.” ते वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं, की पुढचा सगळा कार्यक्रम मी त्या मुलीला खोकला यावा अशी वाट पाहण्यात घालवला.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या गिटारीत होतं. तरुणपणी ते चौदा एप्रिलच्या जयंतीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी पट्टी सरकवत वाजवायची ती गिटार. मग रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन गार्ड नोकरी आटोपून कायमचा ऑस्ट्रेलियाला गेला आणि जाताना त्यांना एक कॅसेट देऊन गेला. तिच्यावर लेबल नव्हतं. वाजवणारा कोण, हे साडूभाऊंना शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. ती कॅसेट मीही ऐकली आहे. कुणीतरी अमेरिकेतला काळा माणूस, विजेची गिटार, तारांवर घसरणारी नळी, आणि आवाज असा की यंत्राच्याच पोटात दुखत असावं. मला वाटलं, टेप खराब आहे. साडूभाऊंना वाटलं, आपल्या घरचंच कुणीतरी बोलतं आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी तांब्याच्या पाइपाचा दोन इंचांचा तुकडा कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या, करंगळीत घातला आणि गिटार मांडीवरून उचलून छातीशी धरली. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीनं पुढे फोनवर सांगितलं, की बाबा, याला ब्लूज म्हणतात. “म्हणत असतील,” एवढंच ते बोलले.

मी एकदा विचारलं होतं, की भाऊ, तुम्हाला यात नेमकं आवडतं तरी काय? मला वाटलं, टाळतील. पण त्यांनी नळी करंगळीतून काढून माझ्या हातात ठेवली. “पेटीवर सा झाला का रे, रे झाला का ग. मधात फळ्या आहेत गा. माणूस काय फळीफळीनं रडते? तो इथून तिथवर घसरत जाते. हे नळीले समजते.” मग म्हणाले, “अन् खरखर काहून पाहिजे, तं जो माणूस लय दिवस चूप राहिला, त्यानं तोंड उघडलं का पहिलेंदा खरखरच निघते.” माझ्यासारख्या कारकुनाला यावर मान हलवण्यापलीकडे काही सुचत नाही. मी हलवली.

पण कॅसेटीतला तो आवाज त्यांना स्वतःच्या हातून बरीच वर्षं सापडत नव्हता. नळी बदलली, तारा बदलल्या, अॅम्प्लिफायरची बटणं शेवटपर्यंत पिळली. आवाज मोठा व्हायचा, पण गोडच राहायचा. तो मिळवून दिला ताईनं. ताई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. साठ-साठ पोरांच्या वर्गांवर ओरडून तिचा गळा कायमचा बसलेला. फोनवर नवखा माणूस तिला हमखास ‘हो साहेब’ म्हणायचा. एकदा साफसफाईत जाळी काढताना झाडूचं दांडकं तिच्या हातून निसटलं आणि अॅम्प्लिफायरच्या स्पीकरमध्ये घुसलं. आतला कागदी पडदा टराटर फाटला. घाबरून तिनं मैद्याची खळ शिजवली आणि पोरांच्या वह्यांना घालायच्या खाकी कागदाचा तुकडा वरून चिकटवला. साडूभाऊ ड्युटीवरून आले, त्यांनी एक तार छेडली, नळी सरकवली, आणि जागच्या जागी थांबले. पुन्हा छेडली. ताई दारात उभी. “रागावू नका जी, नवा घेऊ.” साडूभाऊ म्हणाले, “हात लावशील तं पाह्य!” त्यानंतर जयंतीच्या कार्यक्रमात साऊंडवाला दरवर्षी वायरी बदलत सैरावैरा पळायचा. “काका, आवाज फाटून राहिला ना!” आणि हे स्टेजवरून शांतपणे सांगायचे, “फाटू दे गा. त्याच्यासाठीच वाजवून राहिलो.”

दोन वर्षांपूर्वी ताई गेली. आजार फार दिवसांचा नव्हता. आम्हाला कळेकळेपर्यंत संपलंच. साडूभाऊ कुणासमोर रडले नाहीत. तीन महिने गिटारीवरची चादर काढली नाही. मग एके दिवशी त्यांच्या शेजाऱ्यानं मला सांगितलं, की काका पुन्हा वाजवू लागले. वेळ ठरलेली, संध्याकाळी साडेपाच. शाळा सुटून ताई घरी यायची ती वेळ. फाटकाकडे तोंड करून बसायचे आणि अर्धा तास वाजवायचे. माझी बायको त्या वेळी तिथे कधी थांबायची नाही. पाच वाजले की “चला, उशीर होते” म्हणून मला उठवायची. मला वाटायचं, तिलाही माझ्यासारखा तो आवाज सोसत नाही.

आता माझ्याविषयी सांगायला हवं. मला बिघडलेलं काही बघवत नाही. मनीषनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझी ख्याती एकच: कुठली वस्तू कोण नीट करतो, हे मला ठाऊक असतं. मिक्सरवाला, घड्याळवाला, छत्रीवाला, सगळ्यांचे नंबर माझ्याकडे. बायको म्हणते, की तुम्हाला स्वतःला काही दुरुस्त करता येत नाही म्हणून दुसऱ्यांना कामाला लावता. ते खरं आहे. तर, साडूभाऊ आठ दिवसांसाठी मुलीकडे पुण्याला गेले आणि झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे देऊन गेले. मी पाणी घातलं. मग बैठकीतला तो अॅम्प्लिफायर पाहिला. खाकी ठिगळाचा, धुळकट. आणि माझ्या मनात आलं, की या एकट्या माणसासाठी आपण काहीतरी करावं.

सदर भागात एक म्हातारा मेकॅनिक आहे, जुन्या रेडिओंचा. त्यानं स्पीकर उघडला, ठिगळावरून बोट फिरवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “साब, खरखर रखनी है के निकालनी है?” मी मोठ्यानं हसलो. खरखर कोणी ठेवतं का! “निकालो, निकालो. एकदम नया जैसा.” त्यानं खांदे उडवले. दोन दिवसांनी वस्तू दिली आणि त्या लोकांच्या रिवाजाप्रमाणे काढलेला जुना माल वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा हातात ठेवला, बदललं खरंच, याची खूण म्हणून. मी तो स्कूटरच्या डिक्कीत कोंबला आणि विसरून गेलो.

साडूभाऊ परतले त्या दिवशी आम्ही दोघं डबा घेऊन गेलो. मी त्या दिवशी मुद्दामच पाचला उठलो नाही. “भाऊ, आज ऐकूनच जातो,” मी म्हणालो, आणि अॅम्प्लिफायरवरचं कापड अनावरण करावं तसं ओढलं. साडूभाऊंनी स्पीकरच्या नव्या काळ्याभोर पडद्याकडे पाहिलं. गिटार घेतली, नळी करंगळीत घातली, फाटकाकडे तोंड केलं आणि वाजवलं. आवाज आला तो धुतलेल्या काचेसारखा. एक ओरखडा नाही. मी कौतुकाच्या अपेक्षेनं इकडेतिकडे पाहतो तर बायको चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी.

“ताईचा आवाज कुठं गेला?” ती म्हणाली.

मला तेव्हा कळलं. लग्नानंतर इतकी वर्षं मी त्या घरात जेवलो, ताईच्या बसक्या गळ्यानं “घ्या ना भाऊजी, अजून एक पोळी” ऐकलं. आणि साडेपाचला त्या स्पीकरमधून कोण बोलतं, ते मला ओळखू आलं नाही. साडूभाऊंनी गिटार हळूच खाली ठेवली. “छान झालं गा,” ते म्हणाले. “चांगलं काम केलं. मेहनत घेतली तू.” खराब पंख्याला चांगला म्हणणारा तो माणूस, पण चांगलं नसताना कुणाला चांगलं म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी माझ्यासाठी म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून, जुना पडदा परत बसवून घ्यायला सदरला गेलो. म्हाताऱ्यानं मान हलवली. पडदा एकदा उपटला की कागदाचा चुरा, तो परत बसत नाही. “पुराना माल तो आपको दिया था, साब.” मी रस्त्यातच डिक्की उघडली. छत्रीखाली, बटाट्याच्या पिशवीखाली ती पुडी होती. पडद्याचे तुकडे झाले होते. खाकी ठिगळ मात्र शाबूत होतं, आणि त्याच्या मागच्या बाजूला ताईच्या अक्षरात, अर्धं कापलं गेलेलं, ‘इयत्ता चौथी’.

ते घेऊन हुडकेश्वरला गेलो आणि साडूभाऊंसमोर ठेवलं. सोबत घरून आणलेला, स्क्रू पिळायचा पेचकसही ठेवला. मी शहाणा माणूस म्हणून प्रसिद्ध नाहीच, पण तेव्हा मला तो खरोखर उपाय वाटत होता. “भाऊ, म्हणाल तर हा नवा फाडून देतो. आत्ताच. तिनं फाडला होता तिथंच.”

त्यांनी पेचकस उचलून माझ्या खिशात परत घातला. “फाडून होत नाही गा,” ते म्हणाले. “आपसूकच फाटा लागते.” ठिगळ त्यांनी बराच वेळ दोन्ही हातांत धरलं. मग भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी ताईचा फोटो होता, त्याच्या चौकटीत खोचलं. मी पायांत चपला घालत होतो तेव्हा मागून म्हणाले, “रविवारी ये. साडेपाचले.”

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. बायकोही येते, आणि आता पाच वाजता उठत नाही. साडूभाऊंनी अॅम्प्लिफायर भिंतीपासून हलवून पश्चिमेच्या खिडकीत ठेवला आहे. दुपारभर त्याच्यावर ऊन असतं, आणि शेजारी कूलरची ओल. त्यावर झाकायचं कापड त्यांनी पुसणं म्हणून वापरायला काढलं. ते वाजवतात आणि आम्ही तिघंही एकाच गोष्टीसाठी कान देऊन बसतो. आवाज अजून स्वच्छच आहे. मागच्या रविवारी सर्वांत जाड तारेवर नळी घसरत खाली आली तेव्हा तळाशी काहीतरी किंचित थरथरल्यासारखं मला वाटलं. मी मान वर केली. साडूभाऊंनीही केली. त्यांनी तोच सूर पुन्हा घेतला, पुन्हा घेतला. मग हसले.

“पंखा होता गा तो,” ते म्हणाले. “तरी नागपूरचा उन्हाळा आहे, अन् कागद आहे. मी बसलोच आहे.”

आणि नळी पुन्हा वर नेली.